तुलनेच्या गटातली गाय

मी मोहाडीची. घरी धानाची शेती, कोठ्यात दोन बैल आणि एखादी गाय, त्यांच्यातच वाढले. पुढे पशुवैद्यकीची पदवी घेतली आणि त्यानंतरच्या शिक्षणासाठी पशुपोषण हा विषय निवडला. जनावर काय खातं, त्यातलं किती अंगी लागतं, वासरू पंधरवड्यात किती वाढतं, व्यालेली गाय पुन्हा माजावर कधी येते, हे सगळं मोजायचं आणि लिहून ठेवायचं असं ते शास्त्र. मला ते आवडायचं. आमच्या घरी गाय आटली की आई म्हणायची, तिचे दिवस फिरले. मला वाटायचं, दिवस फिरले म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

प्रबंधासाठी मी आपल्याच भागातला प्रश्न घेतला. आमच्याकडच्या गायी वर्षातला बराच काळ धानाच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर काढतात. तणसानं पोट भरतं, पण त्यात फॉस्फरस फार थोडा असतो. गाभण आणि दुभत्या गायीला तो कमी पडला की ती हाडं चघळते, दोरीवरचे कपडे खाते, माती चाटते, आणि व्याल्यानंतर कधीकधी एकदम खचते. खनिज मिश्रणाची पावडर रोज मूठभर दिली तर काय फरक पडतो, ते मला बघायचं होतं.

सानगडीच्या पुढचं एक गाव निवडलं. तिथल्या ज्या घरांत गाय गाभण होती आणि हिवाळ्यात व्यायची होती, तेवढी घरं घेतली. गायी सगळ्या आमच्या भागातल्या कठाणी जातीच्या, बुटक्या बांध्याच्या, चिखलात न अडकणाऱ्या. अर्ध्या गायींना पावडर द्यायची, अर्ध्यांना द्यायची नाही. ज्यांना द्यायची नाही तो तुलनेचा गट. प्रयोग संपला की त्या घरांनाही पावडरीचं एकेक पोतं फुकट द्यायचं, हे माझ्या मार्गदर्शक सरांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. मला ते अगदी न्याय्य वाटलं होतं.

कुणाची गाय कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर स्टीलच्या डब्यात मी चिठ्ठ्या ठेवल्या. काहींवर फुली होती, काही कोऱ्या. दिवाळी होऊन गेली होती, गावात धानाची मळणी चालू होती, आणि बायाच जास्त आल्या होत्या. त्यांतल्या एका बाईनं चिठ्ठी काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि मला दाखवली.

"याच्यात काही लिवलंच नाही न, मॅडम."

साठीच्या पुढची, काटक बाई. मी तिला मावशी म्हणायला लागले ते त्या दिवसापासून. कोरी चिठ्ठी म्हणजे तुमच्या गायीला पावडर नाही, असं मी तिला सांगितलं.

"आमच्या गायीले काहून नाही?"

मी समजावलं. सगळ्याच गायींना दिली तर पावडरीनं फरक पडला की यंदा चारा बरा होता म्हणून पडला, हे कळणार कसं? काही गायी आहेत तशाच राहिल्या पाहिजेत. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आमची गाय दुसऱ्याच्या गायीसाठी उपाशी."

ओट्यावरच्या बाया हसल्या. मीही हसले. उपाशी कशाला, रोज खाते तेच खाईल, असं म्हणाले आणि पुढच्या घराला हाक दिली.

मी साकोलीत खोली घेतली होती. दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून त्या गावात जायचे, घरोघर फिरून गायीच्या छातीचा घेर टेपनं मोजायचे, त्यावरून वजन काढायचे, रक्ताचा नमुना घ्यायचे, गव्हाणीत काय पडलंय ते वहीत लिहायचे. मावशीचं घर गावाच्या कडेला, तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. मातीचं दोन खणांचं घर आणि त्याला लागून कोठा. घरात ती आणि तिचा म्हातारा, एवढेच. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, दुसरं कुणी नव्हतं.

म्हाताऱ्याला लकवा मारून दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. सकाळी मावशी त्याला धरून बाहेर आणायची आणि कोठ्यासमोर बाजेवर बसवायची. दिवसभर तो तिथंच असायचा. शब्द एकही फुटायचा नाही, पण गळ्यातून एक आवाज काढता यायचा, लांब ओढलेला, 'होऽ' आणि 'हाऽ' यांच्या मधला. बायको त्या आवाजाचा अर्थ दर वेळी अंदाजानं लावायची. पाणी पाहिजे का, ऊन लागतं का, असं विचारत राहायची आणि तो मान हलवत राहायचा. गायीला मात्र त्या आवाजाचा अर्थ कळायचा. मी स्वतः पाहिलंय. संध्याकाळी ढोरकी गावची सगळी जनावरं घेऊन परतायचा, वाटेवर धूळ उडायची, आणि म्हातारा तो आवाज काढायचा. कळपातून एकच गाय वेगळी व्हायची, लुटुलुटु चालत यायची आणि बाजेजवळ येऊन उभी राहायची. तो डाव्या हातानं तिची पोळी खाजवायचा, गळ्याखालची ती लोंबती कातडी. ती मान लांब करून डोळे मिटायची.

मावशी सांगायची की ही गाय त्यानंच लहानपणापासून वाढवली. तिची आई सापानं गेली तेव्हा ती आठ दिवसांची होती, त्यानं बोटं चोखायला देऊन तिला पेज पाजली. लकवा मारला तेव्हा तो दवाखान्यात होता तेवढे दिवस गायीनं नीट खाल्लं नाही. मी ते ऐकलं, आणि माझ्या वहीत त्या गायीसमोर लिहिलं: वय अंदाजे नऊ, पाचवं वेत, रंग पांढरा, तुलनेचा गट.

चरणीचं निरीक्षण हाही माझ्या कामाचा भाग होता. ठरलेल्या दिवशी मी सकाळीच ढोरक्याबरोबर निघायचे. गावाबाहेरच्या आखरावर जनावरं गोळा व्हायची, तिथून तो त्यांना तलावाच्या पाळीवरून झुडपी जंगलाकडे न्यायचा. निवडलेल्या गायींकडे बघून मी दर पाच मिनिटांनी लिहायचे, चरते, चालते, उभी आहे, रवंथ करते. ढोरकी बिडी ओढत माझ्याकडे पाहायचा. गाय चरते हे लिहायला सरकार पगार देते का, असं त्यानं एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं.

अशाच एका दुपारी मावशीची गाय कळपातून बाजूला गेली. पाळीच्या उतारावर कुठल्यातरी मेलेल्या जनावराचं जुनं हाड पडलं होतं. तिनं ते तोंडात धरलं, दाढेखाली घेतलं आणि चघळत उभी राहिली. इतर गायी पुढे गेल्या, ही हललीच नाही. मी वेळ लिहिली. पाच मिनिटांनी पुन्हा लिहिलं, हाड चघळते. आणखी पाच मिनिटांनी तेच. त्याचा अर्थ काय, हे तिथं मला एकटीला माहीत होतं. आठव्या महिन्यातली गाभण गाय आपल्या अंगात काय कमी आहे ते तिच्या परीनं सांगत होती. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. पुस्तकात वाचलेलं लक्षण डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते तुलनेच्या गटात दिसत होतं.

डिसेंबरातल्या एका भेटीत मी मावशीच्या कोठ्यात वाकून घेर मोजत होते, तेव्हा गव्हाणीच्या लाकडाला राखाडी पांढरी पावडर चिकटलेली दिसली. बोटानं घासून पाहिली. आमचीच होती.

मी विचारलं. मावशीनं काही लपवलं नाही. शेजारच्या घरची सून पावडरीच्या गटात होती. तिच्या गायीला मिळणाऱ्या पावडरीतली अर्धी मूठ ती दहा-बारा दिवसांपासून मावशीला देत होती. मावशीनं मागितली होती, आणि तिनं दिली होती. सांगताना मावशीचा चेहरा उजळला होता.

"मॅडम, तिनं हाडं चावनं सोडलं न. माहा लुगडाबी खात नाही आता."

त्या क्षणाला मी पुष्कळदा परत गेले आहे. समोर एक गाय होती, तिला जे कमी होतं ते मिळालं होतं आणि ती बरी दिसत होती. पशुवैद्य म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र फक्त एवढंच आलं की तुलनेच्या गटातली एक गाय गेली, आणि शेजारच्या गायीलाही अर्धाच डोस मिळाला, म्हणजे दोन गेल्या.

मी रागावले. आवाज चढवला नाही, पण एरवी त्या गावात मी जशी बोलायचे, मोहाडीतल्या माझ्या घरी बोलतात तशी, तशी त्या दिवशी बोलले नाही. पुस्तकी मराठीत बोलले. हे अजिबात योग्य नाही, म्हणाले. अशानं सगळ्या गावाच्या कामाचं नुकसान होतं. तुम्हाला एकदा समजावून सांगितलं होतं. मावशी हळूहळू डोक्यावरचा पदर पुढे ओढत गेली. म्हातारा बाजेवरून माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं समजत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

मग मी शेजारी गेले आणि त्या सुनेला सांगितलं की पुन्हा असं झालं तर तुमच्या गायीचं नाव कापावं लागेल. ती घाबरली. तिनं देवाची शपथ घेतली.

सरांना फोन केला. त्यांनी विचार करून सांगितलं की गायी मुळात थोड्या आहेत, काढून टाकणं परवडणार नाही, आजपासून बंद करायला सांग, वहीत नोंद कर आणि पुढे चालू ठेव. मी परत मावशीकडे जाऊन तेच सांगितलं. आणि निघताना आणखी एक वाक्य बोलले, जे बोलायची काही गरज नव्हती. गायीला मला विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही, औषधसुद्धा नाही.

"नाही देत," मावशी म्हणाली. "तुमी म्हंता तसं."

संक्रांतीच्या आधी गाय व्याली. कालवड झाली. बाळंतपण सुखरूप झालं, वार वेळेवर पडली. मी गेले तेव्हा मावशीनं मला खरवस खायला दिला आणि मागचं काही झालंच नाही अशा तऱ्हेनं माझ्याशी बोलली. कालवडीला म्हाताऱ्याच्या बाजेच्या पायाला बांधलं होतं. ती त्याचं धोतर चोखत होती आणि तो तोंडाच्या एका बाजूनं हसत होता. मी फळीच्या काट्यावर तिचं पहिलं वजन घेतलं. तुलनेच्या गटाच्या मानानं ते चांगलं होतं. आपण वेळीच पावडर बंद केली म्हणून आकडा फार बिघडला नाही, असं मला वाटल्याचं आठवतं.

पुढच्या भेटीला मी ठरल्या दिवशी सकाळी पोचले. मावशी दारात उभी होती. माझी वाट बघत असावी. स्कूटी लावायच्या आधीच तिनं सांगितलं की गायीची लघवी लाल येऊन राहिली, परवापासून.

मी कोठ्यात धावले. गाय बसलेली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक. श्वास भरभर चालत होता. जमिनीवरच्या ओलीचा रंग कोऱ्या चहासारखा होता. मला कुणाला विचारायची गरज नव्हती. व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दुधावाटे अंगातला उरलासुरला फॉस्फरस निघून गेला की रक्तातल्या पेशी फुटायला लागतात आणि त्यांचा रंग लघवीतून येतो. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात या आजारावर मी दीड पान लिहिलं होतं.

परवा झालं तर काल दवाखान्यात कळवलं का नाही, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज पुन्हा चढला होता.

मावशी म्हणाली, "तुमी सांगतलं होतं न, तुमाले इचारल्याबिगर काही द्याचं नाही. तुमी आज येनारच होत्या."

मी सरांना फोन लावला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, प्रयोग सोड, आधी गाय वाचव. ते तसे माणूस म्हणून चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याजवळ ते इंजेक्शन नव्हतं. शेजारणीच्या नवऱ्याला मोटारसायकलवर साकोलीला पाठवलं. तो येईपर्यंत मी पावडर पाण्यात कालवून नळीनं पाजली, तीच पावडर, स्कूटीच्या डिकीत असलेली. मावशीनं गायीचं तोंड धरलं होतं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

इंजेक्शन आलं, शिरेतून दिलं. दुपारी गायीनं मान वर केली, थोडं तणस तोंडात घेतलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, उठते. मी त्या दिवशी साकोलीला परत गेले नाही. रक्त चढवता आलं असतं तर कदाचित काही झालं असतं, पण त्या कोठ्यात ती सोय कुठून आणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं खुणा करून करून आपली बाज कोठ्याच्या आत घ्यायला लावली. तो तिच्या डोक्याजवळ बसला. अधूनमधून तो त्याचा आवाज काढायचा. पहिल्या काही वेळा तिचा कान हलला. ऊन डोक्यावर यायच्या आत ती गेली.

गावातल्या माणसांनी तिला ओढून नेलं तेव्हा मावशीनं नवऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण पाय घासत गेल्याचा आवाज यायचा तो आलाच.

मी ओट्यावर बसले होते. मावशीनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "एक इचारू का, मॅडम?"

मी मान हलवली.

"ते पावडर देत रायली असती तं वाचली असती का?"

या प्रश्नाचं उत्तर शास्त्र काय देतं, ते मला पाठ होतं. एका जनावरावरून काहीच म्हणता येत नाही. पावडर मिळालेली गायही या आजारानं जाऊ शकते, न मिळालेली धडधाकट राहू शकते. म्हणूनच तर गट करायचे, म्हणूनच तर मोजायचं. हे सगळं खरं आहे. आणि माझ्या सोयीचंही आहे.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करावा तसं पाहिलं.

"तुमालेच मालूम नाही, तं कोनाले मालूम?"

मी रडले. मावशी रडली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला ते सहन झालं नाही. मी उठून वही पिशवीत भरायला लागले.

पुढचं सांगायला थोडंच आहे, पण सांगितलंच पाहिजे. कालवड तीन आठवड्यांची होती आणि घरात दुधाचा थेंब नव्हता. मावशीनं चार दिवस पेज पाजून पाहिली, तिला हगवण लागली. शेवटी तिनं कालवड शेजारच्या सुनेला देऊन टाकली. त्या घरची गाय दुधाला चांगली होती, दोन वासरं पीत होती तरी काही म्हणत नव्हती. पावडरीच्या गटातली गाय. कालवड जगली. मधे फक्त कुडाचं एक कुंपण होतं, आणि ती तिकडे हंबरली की म्हातारा इकडून मान वळवायचा. मावशीनं मला सांगितलं की पहिले काही दिवस संध्याकाळी ढोरं परतायच्या वेळी तो आवाज काढायचा. ती त्याला अडवत नव्हती. मग एका संध्याकाळी ढोरं गेली, धूळ खाली बसली, आणि तो गप्पच राहिला. त्यानंतर पाणी पाहिजे असलं तरी त्यानं तोंडातून काही काढलं नाही. ती आपली वेळ बघून पेला तोंडाला लावायची.

आई मेलेल्या वासराचं वजन प्रयोगात धरता येत नाही. कालवडीचं नाव यादीतून निघालं होतं. तरी पुढच्या भेटीला मी समाजमंदिरासमोर काटा मांडला तेव्हा मावशी शेजारच्या घरातून कालवड सोडवून, दोरी धरून घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. हिचं आता लिहीत नाहीत, असं मला तिला सांगता आलं नाही. मी कालवडीला फळीवर चढवलं, आकडा वाचला, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. मावशीनं विचारलं, वाढली का. मी सांगितलं, वाढली. ती दोरी धरून परत गेली. प्रयोग संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी ती आली. ते पान प्रबंधात गेलं नाही. माझ्याकडे आहे.

प्रयोग संपल्यावर ठरल्याप्रमाणे मी तुलनेच्या गटातल्या घरांना पोती वाटली. मावशीचं पोतं मी शेवटी ठेवलं. द्यावं की नाही हेच कळत नव्हतं. न द्यावं तर त्यांच्या हक्काचं, आणि द्यावं तर कुठल्या तोंडानं. मी स्कूटीवरून ते उतरवलं आणि ओट्याला टेकवून ठेवलं. मावशीनं पोत्यावरून हात फिरवला.

"आता कोनाले चारू?" ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "ठेवा. त्या पोरीले लागन. दोन ढोरं हायेत तिच्याकडं."

आणि कुंपणावरून शेजारणीला हाक मारली.

निष्कर्ष चांगले निघाले. पावडरीच्या गटातल्या गायी लवकर माजावर आल्या, त्यांची वासरं जास्त वाढली, फरक स्पष्ट होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केलं. तुलनेच्या गटात एक गाय कमी कशी, एवढं त्यांनी विचारलं. दगावली, मी म्हणाले. बरं, पुढे चला, म्हणाले. मी पुढे गेले. त्या तुलनेमुळे नंतर कितीतरी गावांत त्या पावडरीचा प्रसार झाला, आणि गायींचं भलं झालं असेल. मी ते नाकारत नाही. पण भलं झालं म्हणून जे झालं ते हलकं होत नाही, निदान माझ्यापुरतं तरी नाही.

तीन वर्षांनी मी प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन त्या गावाला गेले. का गेले, मला नीट सांगता येणार नाही. कोठा मोडून त्या जागी मावशीनं भाजी लावली होती. बाज भिंतीला उभी केलेली होती. आदल्या पावसाळ्यात म्हातारा गेला होता. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं माझं त्या घराशी नातं तरी काय होतं. मावशी खूप वाळली होती. तिनं मला लगेच ओळखलं, बसायला पाट दिला. कालवड आता गाभण आहे, म्हणाली, शेजारच्यांच्या मागच्या वाड्यात बांधली असते, जाऊन बघून या. मी म्हणाले, नंतर जाते.

पुस्तक कशाचं, तिनं विचारलं. मी सांगितलं, आपण जे काम केलं त्याचं.

"आमची गाय आहे का याच्यात?"

मी पानं उलटली. तक्ते होते, आलेख होते, गावातल्या सगळ्या गायी आकडे होऊन त्यात होत्या. तिची गाय त्यात नव्हती. एका तक्त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती, तुलनेच्या गटातलं एक जनावर मृत झाल्यानं त्याची नोंद वगळली आहे. मी ती ओळ तिला दाखवली आणि तिच्या बोलीत अर्थ सांगितला. वगळली हा शब्द सांगताना अडखळले. काढून टाकली असं म्हणवेना, म्हणून म्हणाले, बाजूला ठेवली.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं. बोट लवकरच ओळीच्या शेवटाला पोचलं.

"एवढंच?"

"एवढंच, मावशी."

तिनं पुस्तक मिटलं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि मला परत दिलं. मला तिची माफी मागायची होती, त्यासाठीच आले होते हे मला तिथं बसल्यावर कळलं. शब्दही तयार होते. पण ती उठली होती. वांगी तोडते, म्हणाली, जेवल्याबिगर जाऊ नका. मी तिच्या मागं मागं वाफ्यात गेले. ती वांगी तोडून माझ्या ओढणीत टाकत होती, यंदा कीड फार लागली म्हणत होती, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते.